तीस अंशांच्या आत

करिश्माच्या साखरपुड्यात अंगठ्या घालून झाल्या, पेढ्यांचं ताट फिरू लागलं, आणि मोनालीचा फोन चौथ्यांदा थरथरला. आधीचे तीन तिने कापले होते. धाकट्या बहिणीचा साखरपुडा रोज होत नाही. पण चौथ्यांदाही तिच्यासोबत काम करणाऱ्या आकांक्षाचंच नाव दिसलं, तेव्हा ती ताट मावशीच्या हातात देऊन मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे बाया भांडी घासत बसल्या होत्या आणि डीजेचा आवाज जरा कमी होता.

"ताई, आज सकाळची फाईल तुम्ही बदलली का?" आकांक्षाने विचारलं. ना हॅलो, ना काही.

"मी कशाला बदलू? मी अकोल्यात आहे."

"डाटा आत्ता उतरला. फोटो सगळा पांढराफटक आहे. मधून एक तिरकी रेघ गेली आहे. आणि ताई, त्याच्यानंतरचे मंगळाचे जे फोटो आहेत ना, त्या प्रत्येकात ती रेघ आहे."

मोनाली भिंतीला टेकली. प्रत्येक फोटोत तीच रेघ, याचा अर्थ ती फोटोत नव्हती. ती कॅमेऱ्यात होती.

मोनाली धनोकार अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीला होती, पण शिकवायला नव्हे. मंगळाभोवती फिरणाऱ्या एका यानावर सहा उपकरणं होती. त्यातला रुंद नजरेचा कॅमेरा या कॉलेजाने दक्षिणेतल्या मुख्य केंद्राच्या मदतीने बनवला होता, आणि तो चालवायचं कामही कॉलेजाकडेच होतं. यानाचं इंधन, त्याचा रस्ता, त्याला वळवणं हे मुख्य केंद्र बघे. कॅमेऱ्याचं झाकण कधी उघडायचं, कुठे बघायचं, किती फोटो काढायचे, याची फाईल मात्र अमरावतीहून जाई. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, चार खुर्च्या, एक कुरकुरणारा एसी. सहा वर्षं मोनाली रोज सकाळी तिथे बसून मंगळावरची धूळ बघत आली होती. वादळ कुठे उठलं, कुठल्या दरीत शिरलं, कुठे बसलं, सगळं तिला तोंडपाठ असे. तिची नेमणुकीची ऑर्डर अकरा-अकरा महिन्यांची होती. पण कॅमेरा आपला आहे असं तिला वाटायचं, आणि ते कोणी तिच्याकडून लिहून घेतलेलं नव्हतं.

या कॅमेऱ्याला एकच पथ्य होतं. झाकण उघडं असताना सूर्य नजरेच्या मध्यापासून तीस अंशांच्या आत येता कामा नये. आला, तर ऊन भिंगातून आतल्या सेन्सरवर एकवटतं आणि भिंगाखाली कागद जळतो तसा सेन्सर जळतो.

"तीसची धोक्याची सूचना आली नाही का फाईल बनवताना?" तिने विचारलं.

"आली. पण तिला सूट दिलेली आहे." आकांक्षा थांबली. "तुमच्या नावाने, ताई. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी."

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मोनाली गांधी रोडवर शिंप्यासमोर उभी राहून करिश्माच्या ब्लाउजच्या बाह्या सैल करून घेत होती.

हे कोणासाठी झालं, ते तिला त्याच क्षणी कळलं. तीन आठवड्यांपूर्वी संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव कॉलेजात आले होते. त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, रविवारी मोठा सोहळा होता. चहा पिता पिता ते म्हणाले होते, "मंगळावरून आपली पृथ्वी दिसते का हो? त्या दिवशीचा एक फोटो काढता आला तर मजा येईल." प्रकल्पप्रमुख शेखर सर लगेच म्हणाले होते, "काढू ना भाऊसाहेब!" तेव्हा मोनालीनेच मधे तोंड घातलं होतं. मंगळावरून पाहिलं तर पृथ्वी कायम सूर्याच्याच अंगाने दिसते, तिने सांगितलं. वाढदिवसाच्या सुमारास ती सूर्यापासून चौदा अंशांवर असेल. त्यानंतर साडेतीन-चार महिन्यांनी तीसच्या पुढे सरकेल, तेव्हा खुशाल काढू. शेखर सर हसले होते. "भाऊसाहेबांचा वाढदिवस चार महिने थांबेल का मॅडम?" तिने दुसऱ्या दिवशी हेच ईमेलवर लिहूनही दिलं होतं. विषय संपला असं ती समजली होती.

ती आत गेली. दुर्गाबाई, तिची आई, पाहुण्यांच्या पंगतीची तयारी बघत होती. चाळीस वर्षं अकोल्याच्या बाजारात फुलं विकलेली बाई. गर्दी कितीही असो, तिचा आवाज वर जात नसे.

"आई, मी अमरावतीले जातो."

"आता? पाव्हन्यायले वाढाचं हाय अन् तू चालली? कोन मेलं का?"

"माहा कॅमेरा जाळला कोनं तरी."

"तुहा? थो वरचा?" दुर्गाबाईने लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "काहून जाळला?"

"थेच इचाराले जातो."

"मंग जाय. मी पाह्यतो इथलं." आईने दोन पेढे कागदात बांधून तिच्या पर्समध्ये कोंबले. "अन् भांडाचं असन तर पोटात काही टाकून भांड. उपाशी मानसाचा आवाज फाटते."

जरीच्या साडीतच ती एसटीत बसली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तिने खिडकीबाहेर काही पाहिलं नाही. कानशिलं तापली होती. कंडक्टरने सुटे मागितले तर ती त्याच्यावरही खेकसली, मग लाज वाटून माफी मागितली. आकांक्षाने नोंदींचा फोटो पाठवला होता. मोठा करून वाचताना तिला ती ओळ सापडली. सूट देताना नाव जसं नोंदलं जातं, तसं ती कोणत्या कॉम्प्युटरवरून दिली तेही नोंदलं जातं. तो कॉम्प्युटर शेखर सरांच्या केबिनमधला होता.

पाच वाजता ती केबिनमध्ये शिरली. दार वाजवलं नाही.

"या मॅडम. साखरपुडा झाला का चांगला?" शेखर सर म्हणाले. त्यांच्यासमोर निमंत्रणपत्रिकांचा ढीग होता.

"माझा पासवर्ड तुमच्याकडे कसा?"

"सगळ्यांचेच आहेत, बंद पाकिटात. आणीबाणीसाठी. तुम्हाला माहीत आहे."

"काल कोणती आणीबाणी होती?"

शेखर सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "बारा सेकंदांचा प्रश्न होता. बारा सेकंदांत काय होतं असं मला वाटलं."

"वाटलं? मी आकडे लिहून दिले होते तुम्हाला. चार सेकंदांत जळतो. आणि सूट द्यायचीच होती तर स्वतःच्या नावाने का नाही दिली?"

"तो अधिकार ऑपरेटरला असतो, प्रमुखाला नाही. नियमच तसा आहे."

"नियम!" मोनालीचा आवाज बाहेरच्या कारकुनापर्यंत गेला. "तीस अंशांचा नियम नाही दिसला, हा बरा दिसला! मी रजेवर होते. माझ्या रजेवर सही तुमचीच आहे!"

"हळू बोला. झालं ते झालं." त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढे सरकवला. टाईप केलेलं पत्र होतं, मुख्य केंद्राच्या नावे. कॅमेऱ्यात वयोमानामुळे अंतर्गत विद्युत बिघाड झाल्याचं आढळून आलं आहे. खाली मोनालीचं नाव आणि सहीची जागा. "यावर सही करा. कोणावर काही येणार नाही, तुमच्यावरही नाही. पुढची ऑर्डर अकरा महिन्यांची नाही, तीन वर्षांची देतो. मी भाऊसाहेबांशी बोललो आहे."

तिने पत्र दोनदा वाचलं. मग तिला त्यातली खरी गोम कळली आणि मगाचा राग परवडला असं झालं. मुख्य केंद्राचे रामराव सर यान चालवणाऱ्या चमूचे प्रमुख होते. त्यांचा दुपारीच ईमेल आला होता: कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतो आहे, सोमवारी अकराला बैठक, कारण कळवा. आत शॉर्ट झाला असेल, तर कॅमेऱ्याची वीज कायमची तोडावी लागणार होती, कारण त्याच तारेवर आणखी एक उपकरण होतं. नुसतं ऊन लागलं असेल, तर मात्र सेन्सर काही दिवस आतून तापवून बराचसा वाचवता येत होता.

"म्हणजे मी इथे सही केली, तर सोमवारी ते त्याची वीज तोडतील," ती म्हणाली. "तो अजून जिवंत आहे सर. या पत्राने मरेल."

"मॅडम, दोन वर्षांसाठी बनवला होता. सहा वर्षं चालला. अजून किती वापरायचा?"

मोनालीचा हात टेबलावरच्या पेपरवेटवर गेला. काचेचा, चांगला जड होता. तो मुठीत आहे हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तीच दचकली. तिने तो खाली ठेवला, पत्राच्या चार चिंध्या केल्या आणि बाहेर पडली.

संध्याकाळपर्यंत तिचं लॉगिन बंद झालं. शनिवारी आकांक्षाच्या लॉगिनवर दोघी बसल्या. यान वळत असताना सूर्य कॅमेऱ्याच्या नजरेतून कुठून कुठे सरकला, ते मोनालीने कागदावर मांडलं, आणि आकांक्षाने ती रेघ त्यावर ठेवली. रेघ सूर्याच्या वाटेवर तंतोतंत बसली. शॉर्ट सर्किट असं मोजूनमापून तिरकं जळत नसतं.

आता हे थेट मुख्य केंद्राला पाठवायचं होतं. पण मोनाली थांबली. संस्थेच्या पाठीमागून पाठवलं, तर खोली जाणार, चौघांचं काम जाणार. उत्तमरावांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या तर कदाचित सगळंच वाचेल. त्यांना खरं काय ते ठाऊक तरी आहे का? रविवारी विचारू, तिने ठरवलं.

रविवारी दहा वाजता कॉलेजच्या मैदानावर मांडव खच्चून भरला होता. सनई, फेटे, आमदारांच्या गाड्या. मोनाली मागच्या रांगेत उभी राहिली. पडदा उजळला आणि निवेदक गरजला, "आपल्या कॅमेऱ्याने, भाऊसाहेबांसाठी, थेट मंगळावरून टिपलेली आपली पृथ्वी!"

पडद्यावर निळीशार, गोल गरगरीत पृथ्वी होती. ढग होते. आफ्रिकेचा किनारा होता. मंगळाजवळून तो कॅमेरा पृथ्वीला एका ठिपक्यापलीकडे काहीही पाहू शकत नव्हता, हे त्या मांडवात फार तर पाच माणसांना माहीत असेल. बाकी सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेखर सर स्टेजवर हात जोडून उभे होते.

मग तिचं नाव पुकारलं गेलं. फोटो टिपणारी आपली लेक, मोनाली धनोकार. लोकांनी वळून पाहिलं, कोणीतरी तिला पुढे ढकललं, आणि ती स्टेजवर पोचलीसुद्धा. उत्तमराव शाल उलगडून उभे होते. म्हातारा माणूस, चेहऱ्यावर खराखुरा आनंद.

"छान काढला पोरी फोटो!"

"भाऊसाहेब, हा फोटो आमचा नाही," ती म्हणाली. माईक लांब होता. ऐकू फक्त त्यांना गेलं. "हा नेटवरून उतरवला आहे. आमचा कॅमेरा शुक्रवारी जळला. तुमच्या फोटोपायी."

शाल हवेतच थांबली. "मले कोनी सांगितलं नाही."

"मी सांगितलं होतं. चहाच्या वेळी. चार महिने थांबा म्हटलं होतं."

"मी आपला सहज बोललो होतो. जमत नसन तर नाही म्हनाचं." त्यांनी शेखर सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते. "शेखरनं तं म्हटलं, काही प्रॉब्लेम नाही."

त्यांना ठाऊक नव्हतं, हे तिला पटलं. क्षणभर तिला आशाही वाटली. "मग आता केंद्राले दोन ओळी लिहा भाऊसाहेब. खरं काय झालं ते. उद्या अकरापर्यंत. कॅमेरा वाचते अजून."

उत्तमरावांनी मांडवावरून नजर फिरवली. पहिल्या रांगेतले आमदार, नातवंडं, पडद्यावरची गोल पृथ्वी. त्यांच्या तोंडावरचा गोंधळ हळूहळू पुसला गेला आणि सभेचं हसू परत आलं.

"आज नको," ते म्हणाले. "परवा-तेरवा पाहू निवांत. फोटोवाला थांबला हाय. हास जरा."

आणि त्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली.

हास जरा! मोनालीने शाल काढली. घडी घातली, नीट, कडेला कड लावून, आणि त्यांच्या खुर्चीवर ठेवली. मग सगळ्यांदेखत स्टेजवरून उतरून चालू लागली. मागे निवेदक काहीतरी विनोद करत होता. तिला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. कानात नुसतं 'हास जरा' घणघणत होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीला नवं कुलूप होतं. ती तिथेच जिन्यात बसली आणि फोनवर ईमेल लिहिला. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. चौदा अंश, बारा सेकंद, केबिनमधला कॉम्प्युटर, फाडलेलं पत्र, तीन वर्षांच्या ऑर्डरचं आमिष. रेघेचा नकाशा जोडला. पाठवला, आणि रामराव सरांना फोन लावला. त्यांचं तिच्याशी बोलणं नेहमी मोडक्या हिंदीत चाले.

"नीट विचार केलात का?" त्यांनी सगळं ऐकून घेऊन विचारलं. "तिथली तुमची नोकरी संपेल."

"ती संपल्यात जमाच आहे सर. कॅमेरा संपलेला नाही. त्याचं बोला."

सोमवारच्या बैठकीला ती आकांक्षाच्या भाड्याच्या खोलीतून, आकांक्षाच्या शेजारी बसून ऑनलाइन हजर राहिली. शेखर सरांनी वयोमान, विद्युत बिघाड, खेद, सगळं व्यवस्थित वाचून दाखवलं. रामराव सरांनी एवढंच विचारलं, "सूट कोणत्या कॉम्प्युटरवरून दिली गेली?"

"तपासून कळवतो," शेखर सर म्हणाले.

"तपासलं आहे," आकांक्षा म्हणाली. तिची नोकरीही अकरा महिन्यांचीच होती. "तुमच्या केबिनमधला आहे सर. मी शुक्रवारीच पाहिलं."



वीज तोडली गेली नाही. केंद्राने सेन्सर तापवायच्या कमांड पाठवल्या. कमांड पोचायला वीस मिनिटं, उत्तर यायला वीस मिनिटं. चार दिवस सेन्सर तापत ठेवला. पाचव्या दिवशी वीज ओढणं कमी झालं. सहाव्या दिवशी झाकण उघडून पहिला फोटो घेतला, आणि रामराव सरांनी तो मोनालीला पाठवला. मंगळाची कड, तिच्यावर धुळीचा पातळ थर, सगळं स्वच्छ. फक्त मधून एक काळा तिरका पट्टा, नजरेचा सातवा हिस्सा, कायमचा मेलेला. आकांक्षा रडली. मोनालीला रडू आलं नाही. ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली आणि तिने शेखर सरांना एक अस्सल वऱ्हाडी शिवी हासडली, जी तिच्या आईनेही कधी तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

पुढे व्हायचं ते झालं. कॅमेरा चालवायचं काम कॉलेजाकडून काढून घेतलं. खोलीत झेरॉक्स मशीन आलं. मोनालीची ऑर्डर पुढे निघाली नाही. आकांक्षाला प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायला बसवलं. आणि शेखर सरांची बदली झाली, अचलपूरला, संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजात. प्राचार्य म्हणून.

ही बातमी तिला मुख्य केंद्रात कळली. तिथल्या नव्या लोकांना कॅमेरा शिकवायला रामराव सरांनी तिला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. त्याच आठवड्यात चौकशीचा अहवाल सहीसाठी तिच्यापुढे आला. चाळीस पानं. बाविसाव्या पानावर लिहिलं होतं, ऑपरेटरच्या चुकीमुळे कॅमेरा सूर्याच्या दिशेने उघडला गेला.

ती पान घेऊन रामराव सरांकडे गेली. "हे काय आहे?"

"ती एक ठरलेली शब्दयोजना आहे. ऑपरेटर म्हणजे तुम्ही नाही, कॉलेज. मागच्या पानावर सविस्तर आहेच."

"चूक म्हणजे नकळत होते ती. हे कोणी नकळत केलेलं नाही. आणि ऑपरेटर सहा वर्षं मी होते, दुसरं कोणी नाही. उद्या हे पान वाचणारा माझंच तोंड डोळ्यांपुढे आणणार."

"कोण वाचतं हो बाविसावं पान?"

"मी वाचलं ना!"

शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघू लागले. तिने आवाज खाली आणला नाही. आधी ते म्हणाले बघतो, मग म्हणाले वरून मंजूर होऊन आलं आहे, बदलता येणार नाही. तिने सही केली नाही. अकरा दिवस अहवाल तिच्या टेबलावर पडून राहिला. ती रोज सकाळी नव्या मुलांना कॅमेरा शिकवी आणि दुपारी वरच्या साहेबांकडे जाऊन तेच वाक्य म्हणे. बाई चिवट आहे, असं तिच्यामागे बोललं जाऊ लागलं, ते तिच्या कानावरही आलं.

बाराव्या दिवशी पान बदलून आलं. प्रकल्पप्रमुखांनी रजेवरील ऑपरेटरचं नाव तिच्या परवानगीवाचून वापरून, लेखी इशारा डावलून सूट दिली. तिने ते तीनदा वाचलं आणि सही केली.

अहवाल गुप्त नव्हता. तिने त्या पानाची प्रत काढली, पाकिटात घातली आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने अचलपूरला धाडली. पाकिटावर मुद्दाम लिहिलं, प्राचार्यांनी स्वतः उघडावे.

आठवड्याने पावती परत आली. तीच लांबट, सावकाश सही, जी तिने सहा वर्षं आपल्या रजेच्या अर्जांवर पाहिली होती. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. नाही वाटलं. काळजातला जाळ होता तेवढाच होता. तिने पावती ड्रॉवरमध्ये टाकली आणि सकाळची फाईल उघडली. दक्षिण गोलार्धात धूळ उठत होती, आणि नव्या मुलांपैकी कोणालाही अजून ती वेळेत ओळखता येत नव्हती.